अवघड काळातली चित्रवही: घरी शिवा, समोरचं काढा

घरात आजारपण आहे, नोकरी गेली आहे किंवा जवळचं माणूस नुकतंच गेलं आहे, अशा माणसाला ‘मनातल्या भावना रंगांतून उतरवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला त्याचा राग येतो. ज्याची रात्रीची झोप उडाली आहे, त्याने कोऱ्या कागदासमोर बसून दुःखाचा रंग कोणता ते ठरवायचं? दोन दिवसांत वही कपाटात जाते. चित्रवही चालू राहते ती वेगळ्याच रीतीने, आणि ती रीत चित्रकला न येणाऱ्यालाही जमते. मी वर्षानुवर्षं अशा वह्या करते आहे, इतरांना करायला लावते आहे. त्यातून जे टिकलं, तेवढंच इथे सांगते.

वही विकत घेऊ नका, शिवा. दोनशे पानांची देखणी डायरी पहिलं पान बिघडेल या धास्तीनेच कोरी राहते. शिवाय हा काळ किती दिवस चालणार हे ठाऊक नसताना एवढी कोरी पानं समोर असणं जड जातं. २० पानांची वही पुरे. ती संपते, आणि संपलेली वही हातात धरल्यावर जे बळ येतं ते अर्धवट डायरीतून येत नाही.

नाशिकमध्ये मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानात कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद मागा, १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). शाळेच्या वहीचा कागद याच्या निम्म्याहून पातळ असतो, ओला ब्रश लागला की लाटा येतात. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तम खरा, पण त्याची घडी नीट बसत नाही आणि महाग म्हणून हात आखडतो. ए-फोर आकाराचे ५ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की २० पानं होतात. वरून जुन्या कॅलेंडरचं जाड पान किंवा पातळ पुठ्ठा.

शिवण अगदी सोपी. दाभणाने घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून दोन बोटं आत. जाड दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्यातून आत, मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. कव्हर चिकटवायला खळ वापरू नका, तिला कसर लागते.

पेन साधं बॉलपेन. त्याची शाई तेलकट असते, वरून जलरंग फिरवला तरी पसरत नाही. बहुतेक जेल पेनं आणि फाउंटन पेनाची शाई पसरते. शंका असेल तर शेवटच्या पानावर रेघ ओढा, दहा मिनिटांनी ओलं बोट फिरवा, कळेल. पेन्सिल नको. पेन्सिल आली की खोडरबर येतो, आणि मग चित्र राहून जातं, खोडणंच चालू राहतं. रंगांना शाळकरी मुलांची जलरंगाच्या वड्यांची पेटी चालते.

आता खरी अडचण: काढायचं काय? मी सगळ्यात जास्त इथेच अडकले होते. आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतरचे ते महिने होते. दिवसभर तिच्या उठण्याबसण्यात जायचा, रात्री वही उघडली की डोक्यात नुसती घरघर, कागदावर काही उतरायचं नाही. सुटका झाली ती वॉकरमुळे. खाटेशेजारी तो उभा असायचा. त्याच्या चार रबरी बुचांपैकी डावीकडचं एकच तिरकं झिजलं होतं, कारण आई सगळा भार त्या बाजूला टाकायची. ते बूच मी काढलं. एवढंच. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आजच्या दिवसाबद्दल काहीतरी खरं नोंदलं गेलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: भावना काढायची नाही, हाताच्या अंतरावरची वस्तू काढायची. वस्तूही त्या काळातलीच हवी. फुलदाणी, सूर्यास्त, मोर यातलं काही नको. औषधाचा डबा, थर्मामीटर, टिफिनच्या झाकणावरचा पोचा, भरून न झालेला फॉर्म, गेलेल्या माणसाचा चष्मा. चष्मा पहिल्याच आठवड्यात काढायला घेऊ नका मात्र. झेपेल असं वाटेल तेव्हा घ्या, आणि नाहीच वाटलं तर घेऊच नका.

समजा, गोळ्यांची स्ट्रिप घेतली. आधी बाहेरची कड. नजर त्या कडेवरून मुंगीच्या चालीने न्या आणि पेन तेवढ्याच संथपणे कागदावर चालवा. कागदाकडे कमी बघा, स्ट्रिपकडे जास्त. कड वाकडी गेली तर जाऊ द्या, पेन उचलू नका. मग एकेक गोळी. भरलेला फुगवटा गोल दिसतो, त्यावर प्रकाशाचा एक ठिपका असतो. तो रंगवू नका, कागद कोरा सोडा. रिकाम्या जागी प्लास्टिक आत दबलेलं असतं, त्याला कोपरे पडतात, आणि स्ट्रिप उलटी केली की चंदेरी पत्रा फाटून बाहेर वळलेला दिसतो. हे सगळं बघताना दहा मिनिटं मन दुसरीकडे धावत नाही. चित्र सुबक येणं हा हेतूच नाही.

चित्राखाली तारीख आणि एकच वाक्य. तेही वस्तूबद्दल. ‘आज सहा उरल्या’ हे चांगलं वाक्य आहे. ‘मी खूप खचले आहे’ हे वाक्य रोज लिहिलं की चौथ्या दिवसापासून ते वाचवत नाही.

मनातलं लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या आघाताबद्दल रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहिलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या, पण लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. हा दुसरा भाग सल्ला देणारे सांगत नाहीत. म्हणून असं लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर, दुपारी, घड्याळ लावून. झोपायच्या आधी अजिबात नको.

मग दिवस कसा गेला याची नोंद कुठे करायची? त्यासाठी मी आपला दुतोंड्या मारुती वापरते, नाशिकला गोदावरीच्या पात्रातली ती मारुतीची उंच मूर्ती. गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या घोट्याशी आहे, कमरेशी आहे की गळ्याशी, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. ऑगस्ट २०१९मध्ये तर तो पुरता बुडाला होता. पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी मारुतीची बाह्यरेषा काढा आणि आज पाणी जिथवर वाटतं तिथे एक निळी रेघ मारा. पाच सेकंदांचं काम. खुलासा लिहायचा नाही. वही उलटी चाळली की दिसतं, मधे कधीतरी पाणी कमरेखाली उतरलं होतं आणि तेव्हा ते आपल्या लक्षातही आलं नव्हतं.

दोन आठवडे रेघ गळ्याच्या खाली येतच नसेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच घटकेला घरातल्या कुणाला तरी उठवा आणि फोन लावा.

पानाचा फोटो स्टेटसला टाकू नका, यावर मी अडून बसते. एकदा टाकला की दुसऱ्या दिवशी ‘छान दिसेल’ अशी वस्तू शोधली जाते आणि झिजलेलं बूच राहून जातं. घरच्यांना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लहान मुलांना मात्र दाखवा आणि त्यांना त्यांची वेगळी वही शिवून द्या, तुमच्या वहीत काढायला देऊ नका.

पावसाळ्यात रंगवलेलं पान लवकर वाळत नाही. वही तशीच मिटली तर पानं चिकटतात, पुढे बुरशीचे ठिपके येतात. पंख्याखाली उघडी ठेवा, मिटताना मधे कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. उन्हातही नको, रंग उडतात.

वही भरली की कव्हरवर पहिली आणि शेवटची तारीख घाला आणि प्लास्टिकच्या पिशवीत न घालता कपाटात उभी ठेवा, पिशवीत ओल कोंडते. पुढची वही आधीच शिवलेली असू द्या. कागद कापायला बसलात की एकदम तीन शिवा, कारण सगळ्यात वाईट दिवशी दाभण शोधायचं त्राण नसतं.