मुलांचे जुलाब: बंद करायची घाई आणि पुडीचा घोळ

मूल रात्री दोनदा ओकलं आणि पहाटे पातळ शी झाली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "दात येताहेत." दातांमुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलाला, विशेषतः थंडीत, आधी उलट्या, मग ताप आणि जुलाब असा क्रम दिसला तर रोटाव्हायरस या विषाणूची शंका घ्यावी. त्याला मारणारं औषध नाही. तो बहुधा आठवडाभरात आपणहून जातो. तोवर अंगातलं पाणी आणि क्षार टिकवायचे, एवढंच आपलं काम. चुका होतात त्या नेमक्या इथेच.

सगळ्यात मोठा घोळ ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या, पुडीचा. मोठी पुडी एक लिटर पाण्याची, छोटी 200 मिलीची. माझ्या लेकीच्या वेळी मी मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली होती, 'जास्त ताकद येईल' म्हणून. तिने तोंड फिरवलं हे नशीबच! इतकं दाट मिश्रण पोटात गेलं तर रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. उलट "थोडी पुडी, थोडं पाणी" असं अंदाजाने केलं तर प्रमाण राहतच नाही. पूर्ण पुडी, मोजलेलं पाणी, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

प्रमाणाचा एवढा बाऊ का? आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. साखर फार झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक किंवा खोक्यातला रस चालत नाही. नावात 'ओआरएस' लिहिलेली गोड पेयंही बाजारात होती. 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली, तरी लेबल वाचून घ्यावं. मीठ-साखरेच्या साध्या पाण्याची ताकद दिसली ती 1971 साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

"पाजलं की लगेच ओकतो" म्हणून पाजणं सोडू नका. दहा मिनिटं थांबा, मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. बाटली तोंडाला लावली की मूल घटाघटा पितं आणि सगळं बाहेर येतं.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी कपाटातच राहू द्या, विषाणूवर ती चालत नाही. जुलाब बांधणारी गोळी लहान मुलाला देऊ नका. आतडं सुस्तावून पोट फुगू शकतं. उपाशी ठेवणंही चूकच. अंगावरचं दूध चालू ठेवा, मोठ्या मुलाला मऊ भात, पेज, मुगाची खिचडी, ताक द्या. झिंक सांगितलं असेल तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा. हे बहुतेक घरांत अर्धवट राहतं.

घरातल्या मोठ्यांनाही एकामागून एक लागलं, तर नोरोव्हायरस असू शकतो. त्याला सॅनिटायझरचा फारसा फरक पडत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. उलट्या-जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये.

रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात 6, 10 आणि 14 आठवड्यांना तोंडावाटे, मोफत मिळते. पहिला डोस वर्षाच्या आतच देता येतो.

मूल सुस्त पडलं, डोळे किंवा टाळू खोल गेली, शीमध्ये रक्त आलं, उलटी हिरवी झाली, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, तर घरचे प्रयोग थांबवून थेट दवाखाना गाठा. निघताना पुडी कोणती होती, किती पाण्यात कालवली आणि शेवटची लघवी किती वाजता झाली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.