एसएफओच्या नव्या लँडिंग मार्गांवर हरकत घेताय? या चुका टाळा

सान फ्रान्सिस्को विमानतळानं (एसएफओ) जीबीएएस, म्हणजे जीपीएसच्या आधारानं विमान उतरवण्याची यंत्रणा, बसवायला घेतली तेव्हापासून बे एरियातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून तोच मजकूर फिरतो: 'नवी यंत्रणा आली, आता सगळी विमानं आपल्या डोक्यावरून, ताबडतोब ईमेल करा.' लोक ईमेल करतातही. त्यातल्या बहुतेकांना नव्या मार्गाच्या पर्यावरण पुनरावलोकनाच्या फायलीत काडीचंही वजन मिळत नाही. कारण तुम्हाला त्रास होतो का, हा त्या फायलीचा प्रश्नच नसतो. कालच्यापेक्षा काय बदलणार, कुठे आणि किती, एवढंच तिथे बघतात. हरकत त्या बदलावर नेमकी पडली नाही, तर कोणीतरी नम्रपणे 'नोंद घेतली' लिहितं आणि पान उलटतं.

राग पेटीवर, मार्गाकडे दुर्लक्ष

जीबीएएस म्हणजे विमानतळाच्या आवारातले चार अँटेना, एक संगणक आणि एक रेडिओ प्रक्षेपक. अँटेनांची जागा अगदी काटेकोर मोजलेली असते, त्यामुळे जीपीएसच्या सिग्नलमध्ये या क्षणी किती चूक आहे हे त्यांना कळतं, आणि ती दुरुस्ती उतरणाऱ्या विमानांना रेडिओवरून जाते. जुन्या आयएलएसला, म्हणजे धावपट्टीजवळून रेडिओ लहरींनी विमानाला वाट दाखवणाऱ्या यंत्रणेला, धावपट्टीच्या प्रत्येक टोकासाठी वेगळा संच लागतो. इथे एक संच सगळ्या टोकांना पुरतो. ही पेटी आवाज करत नाही. आवाजाचा प्रश्न येतो तो तिच्या आधारानं आखलेल्या मार्गामुळे, म्हणजे जीएलएस अ‍ॅप्रोचमुळे.

एसएफओनं हे काम दोन टप्प्यांत मांडलं आहे. आधी ओव्हरले, म्हणजे सध्याच्याच मार्गावर गिरवलेले अ‍ॅप्रोच. मग वेगळी आखणी असलेले नवे अ‍ॅप्रोच. ओव्हरलेवर 'माझ्या घरावर नवीन विमानं येतील' अशी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: जमिनीवरची रेघ बदलत नाही. ते खरंही असतं. दम राखून ठेवायचा तो दुसऱ्या टप्प्यासाठी.

आणि पत्ता बघा. विमानतळ सान फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचा आहे, पेटी त्यांची; पण आकाशातली रेघ ठरवते ती एफएए, अमेरिकेचं हवाई वाहतूक प्रशासन. मार्गाबद्दल फक्त विमानतळाच्या संचालकांना पत्र लिहून थांबणं म्हणजे पत्र वाया घालवणं.

'चढा उतार म्हणजे शांतता' यावर विसंबणं

समर्थकांच्या बाजूनं हे वाक्य हमखास येतं: नेहमीच्या 3 अंशांऐवजी 3.2 अंशांनी उतरलं की विमान जास्त उंचावरून येतं. बरोबर आहे, पण हिशोब करून बघा. धावपट्टीपासून 10 नॉटिकल मैलांवर 3 अंशांच्या उतारावरचं विमान साधारण 3,180 फुटांवर असतं, 3.2 अंशांचं साधारण 3,400 फुटांवर. फरक सव्वादोनशे फुटांच्या आतला. केवळ अंतर वाढल्यामुळे आवाज कमी होईल तो अर्ध्या डेसिबलच्या आसपास, आणि एवढा फरक माणसाच्या कानाला कळत नाही. फ्रँकफर्टनं 3.2 अंशांचे अ‍ॅप्रोच वापरात आणले; फायदा आहे, पण तो डेसिबलच्या अपूर्णांकांत मोजायचा. धावपट्टीपासून आणखी लांब, जिथे विमान सपाट उडत रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघतं, तिथे उताराच्या कोनाचा संबंधच उरत नाही.

म्हणून 'नवी यंत्रणा, कमी आवाज' या घोषणेवर माना डोलावू नका, आणि तिला थापही म्हणू नका. कुठल्या वेपॉइंटवर (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूवर), किती उंचीवर, किती डेसिबल, ते विचारा.

सरासरी न समजता सरासरीशी भांडणं

खरी मेख इथे आहे.

एफएए आवाज मोजते तो डीएनएलमध्ये, म्हणजे अख्ख्या दिवसाची सरासरी, तीही वर्षभराच्या रहदारीवरून काढलेली. रात्री 10 ते सकाळी 7 मधल्या प्रत्येक विमानाला 10 डेसिबलचा दंड, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांबरोबर. (कॅलिफोर्निया सीएनईएल या स्वतःच्या मोजमापात संध्याकाळी 7 ते 10 साठीही दंड लावते.) आजवरच्या पुनरावलोकनांत 'लक्षणीय परिणाम' म्हणजे 65 डीएनएल किंवा त्यावर 1.5 डेसिबलची वाढ. त्याखाली फक्त नोंद घेतली जाते: 60 ते 65 मध्ये 3 डेसिबल वाढली तर, 45 ते 60 मध्ये 5 वाढली तर.

आता वहीत मांडू. एक विमान जातं तेव्हाचा सगळा आवाज एका सेकंदात कोंबला तर तो 75 डेसिबल भरतो, असं धरा. अशी 100 विमानं दिवसा घरावरून गेली तर डीएनएल येतो 45.6. विमानं दुप्पट झाली, 200, तर 48.6. तिप्पट झाली, 300, तर 50.4. म्हणजे डोक्यावरची रहदारी तिप्पट होऊनही वाढ 4.8 डेसिबलच, नोंदीच्या 5 च्या रेषेलाही ती शिवत नाही आणि 65 तर क्षितिजापलीकडे. अहवालात 'लक्षणीय परिणाम नाही' हे वाक्य कुणी खोटं लिहिलेलं नसतं. त्याच फुटपट्टीनं ते सरळ निघतं.

हे माहीत नसलं की माणूस फोनमधल्या अ‍ॅपवर आलेला 70 चा आकडा पाठवतो आणि लिहितो, 'मर्यादा ओलांडली.' तो क्षणाचा आकडा, 65 हा वर्षाच्या सरासरीचा. पाठवणाऱ्याला आवाजातलं काही कळत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे हरकतभर '65 ही मर्यादाच जुनी' असं लिहिणं. मुद्दा भक्कम आहे. एफएएनंच 20 विमानतळांभोवतीच्या 10,000 हून अधिक लोकांना विचारून 2021 मध्ये जाहीर केलं की 65 डीएनएलला अतिशय त्रस्त असणारे साधारण 60 ते 70 टक्के आहेत. जुन्या आलेखानुसार ते 12-13 टक्के धरले जात. पण एका अ‍ॅप्रोचच्या फायलीत देशाचं धोरण बदलत नाही. एक परिच्छेद त्यावर खर्च करा आणि पुढे मागणी करा: आपल्या भागातल्या ठरावीक बिंदूंवर दिवसाला किती विमानं, किती उंचीवरून, आवाज ठरावीक पातळीच्या वर किती वेळा, आधी आणि नंतर. हे आकडे काढता येतात. मागितले नाहीत तर कोणी देत नाही.

याच जोडीला एकवटण्याचा प्रश्न. उपग्रहावरचा मार्ग एका रेघेत चालतो. पूर्वी नियंत्रक विमानांना वळवत तेव्हा ती मैलोगणती पसरत. धावपट्टीजवळच्या शेवटच्या मैलांत मात्र आयएलएसमुळे ती आधीपासूनच एका रेघेत होती, तिथे नवं काही नाही. तेव्हा नकाशात त्याच्या अलीकडचा, लांबचा भाग बघा. 2015 मध्ये एसएफओला दक्षिणेकडून येणारी सर्फर ही वाट सुरू झाली तेव्हा ओरड झाली ती सँटा क्रूझच्या डोंगरांतून, धावपट्टीपासून कितीतरी लांबून.

विमानतळच चुकणं

सनीव्हेल-क्युपर्टिनोवाल्यांनो, पावसाळी हवेत दक्षिणेकडून वारा सुटला आणि विमानं खाली येऊन घोंघावू लागली, तर ती बहुधा एसएफओची नसतात. सॅन होझेची धावपट्टी त्या दिवशी उलट दिशेनं वापरली जाते. फ्लाइट ट्रॅकिंगचं अ‍ॅप उघडा, विमान कुठे उतरतंय बघा, मग लिहा.

तक्रार म्हणजेच हरकत समजणं

विमानतळाच्या आवाज कार्यालयाकडे केलेली तक्रार त्यांच्या मासिक आकडेवारीत जाते. प्रस्तावित मार्गावरची हरकत एफएएकडे, मुदतीच्या आत, त्या मार्गाचं नाव घेऊन द्यावी लागते. दोन वेगळ्या फायली. एका घरातून शेकडो तक्रारी आल्या तरी त्या आपोआप दुसरीकडे सरकत नाहीत. प्रस्तावित अ‍ॅप्रोच एफएएच्या 'इन्स्ट्रुमेंट फ्लाइट प्रोसिजर्स इन्फर्मेशन गेटवे'वर विमानतळानुसार शोधता येतात. तिथे अधूनमधून डोकावायची सवय लावा.

जनसुनावणीची वाट बघणं

भारतात 2006 च्या अधिसूचनेखाली विमानतळाच्या प्रकल्पासाठी जनसुनावणी होते, हे डोक्यात असल्यानं आपली मंडळी नोटीस येईल, मंडप पडेल, मग बोलू, अशी थांबतात. इथे पुनरावलोकनाच्या तीन पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालची, कॅटेगॉरिकल एक्सक्लूजन, म्हणजे 'तपशीलवार अभ्यासाची गरज नाही' असा शेरा. उपग्रहाधारित मार्गांना ही सवलत सहज मिळावी अशी तरतूद 2012 च्या कायद्यात आहे. या पायरीवर सुनावणी होईलच असं नाही.

मात्र 'असाधारण परिस्थिती' असेल तर हा शेरा पुरत नाही. तेव्हा 'सखोल अभ्यास करा' अशी मोघम मागणी नको. मार्गाखालची उद्यानं, अभयारण्यं, ऐतिहासिक वास्तू नावानिशी लिहा; 1966 चे दोन कायदे नेमके त्यांच्या बाजूचे आहेत. फीनिक्समध्ये 2014 साली उड्डाणमार्ग असाच शेरा मारून बदलले आणि जुन्या, ऐतिहासिक वस्त्यांवर विमानं आली. एफएएनं सल्लामसलत केली होती ती विमानतळावरच्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी. 2017 मध्ये अपील न्यायालयानं तो निर्णय मनमानी ठरवला. पण जुन्या हरकतींचा मजकूर जसाच्या तसा उचलू नका: 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा पुनरावलोकनांत सरकारी यंत्रणांना बरीच मोकळीक दिली, आणि एफएएची स्वतःची नियमावलीही त्याच वर्षी बदलली.

खटला जिंकला की आवाज थांबला, असं मानणं

लॉस एंजेलिसनं 2018 च्या उतरण्याच्या मार्गांविरुद्ध 2021 मध्ये खटला जिंकला. न्यायालयानं कायद्यांचा भंग झाल्याचं मान्य केलं, पण मार्ग रद्द केले नाहीत. विमानं तिथूनच येत राहिली. जिंकण्याआधी दार उघडं असायला हवं, ते वेगळंच. अंतिम आदेशानंतर 60 दिवसांत न्यायालयात जावं लागतं. फीनिक्सला उशीर माफ झाला, कारण एफएए 'बघतो, दुरुस्त करतो' म्हणत राहिली होती. वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनच्या रहिवाशांना तो माफ झाला नाही. निर्णय डिसेंबर 2013 चा, ते न्यायालयात गेले 2015 मध्ये, आणि 2018 मध्ये खटला मुदतीच्याच मुद्द्यावर फेटाळला गेला. आवाजाचा मुद्दा न्यायालयानं हाती घेतलाच नाही.