उजनीच्या बेटांकडे ग्रुप नेताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात उजनी धरणाच्या भिगवण-कुंभारगाव काठावर पक्षी बघायला आलेल्या ग्रुपांत तीच भांडणं होतात. त्यातली बहुतेक पुण्यातच, पोस्टर करताना पेरलेली असतात. सोसायटीची किंवा ऑफिसची बस काढणाऱ्यांसाठी हे.

पोस्टरवर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा छापणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. नोव्हेंबरातला हमखास प्रसंग: धरण शंभर टक्क्यांवर, पाणी काठच्या बाभळींच्या बुंध्याला लागलेलं आणि पंचेचाळीस जणांची बस ‘फ्लेमिंगो सफारी’ वाचून आलेली. दोन तास फिरून एक रोहित नाही. आयोजक होडीवाल्याकडे बोट दाखवतो, होडीवाला पाण्याकडे. परतीच्या बसमध्ये पैसे मागणारा एक तरी निघतोच.

होडीवाल्याचा यात काही दोष नाही. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. त्याला उथळ पाणी आणि खाली गाळ लागतो, आणि तुडुंब धरणात तसा काठच उरत नाही. शेतीला पाणी सुटून पातळी उतरली, गाळ उघडा पडला, की थवे उतरतात. साधारण जानेवारी ते मार्च धरून चाला, पण कॅलेंडरवर विसंबू नका. 2023 च्या पावसाळ्यात उजनी भरलंच नाही आणि पुढच्या जानेवारीत साठा मायनसमध्ये गेला. अशा वर्षी सगळं गणित आधी सरकतं.

म्हणून तारीख ठरवण्याआधी पेपरातला उजनीचा टक्का बघायचा. तो टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. एकूण सुमारे 117 टीएमसीपैकी 63 टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे या टक्क्यात न धरलेलं तळाचं पाणी आहे, त्यामुळे शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे. टक्का शंभरच्या आसपास असेल तर पोस्टरवर चक्रवाक, कुरव, नदी सुरय हे पक्षी लिहा आणि रोहित काढून टाका. मग होडीवाल्याला फोन करा आणि एवढंच विचारा, “दादा, गाळ उघडा पडलाय का?” “फ्लेमिंगो आहेत का?” असं विचारलंत तर “या की, दिसतील” हेच ऐकू येणार. त्यालाही धंदा करायचाय.

स्वच्छतागृहाचा हिशेब न करणं

होडीत सोय नाही, बेटावर नाही. काठावर जिथे उतराल तिथे एक-दोन असतील. माणशी तीन मिनिटं धरली तर 45 जणांना दोन स्वच्छतागृहांत एक तास सात-आठ मिनिटं लागतात. जानेवारीत सात-सव्वासातला सूर्य वर येतो. रांग संपेपर्यंत पहाटेची वेळ गेलेली असते.

पुण्यातून सव्वाचारला निघा. पाटस-कुरकुंभच्या पट्ट्यात मोठा पेट्रोल पंप किंवा हॉटेल बघून पंचवीस मिनिटं थांबा. चहा अर्धा कप. ‘मला नको’ म्हणणाऱ्यांनीही जाऊन यायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हे सगळं पैसे घेण्याआधी लिहून कळवा. आयत्या वेळी कळलं की बायका पाणीच पीत नाहीत आणि अकराच्या उन्हात एखादीला चक्कर येते. मधुमेह असलेल्यांची आणि ज्येष्ठांची होडी वेगळी काढा, तासाभरात काठावर परतणारी.

‘बेटावर जरा उतरवा ना’

नाही. पाणी उतरल्यावर वर आलेली बेटं दिसायला कोरडी असतात, पण कडेचा गाळ वरून भेगाळलेला आणि खाली मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि बाहेर येताना चप्पल आतच राहते. मार्चनंतर तर विषयच नको. नदी सुरय उघड्या जमिनीवर नुसता उथळ खळगा करून अंडी घालतो. त्यांचा रंग मातकट, वर ठिपके. खड्यांत ठेवली तर वाकून बघूनही दिसत नाहीत. तुम्ही उभे असेपर्यंत सुरय डोक्यावर ओरडत फिरतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात. तेवढ्यानंही आतलं पिल्लू मरू शकतं. सेल्फी होडीतूनच काढा.

‘अजून जवळ घ्या’ हाही त्याच जातीचा हट्ट. थव्यानं माना वर काढून एका दिशेनं चालायला सुरुवात केली की होडी थांबवायची. उडवून काढलेल्या फोटोला दाद देणाऱ्यांनाही पुढच्या वेळी घरीच ठेवा.

लाइफ जॅकेट ‘फोटोपुरतं’ घालणं

मे 2024 मध्ये उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. जलाशय रुंद आहे, वारा सुटला की लाटा उठतात. बसण्याआधी माणसं आणि जॅकेटं मोजा, बक्कल लावलेलं हातानं ओढून बघा. एकानं जरी नाही म्हटलं तरी होडी हलवू नका. होडीवाला “आज नको” म्हणाला तर घासाघीस करू नका.

बाकी किरकोळ

स्पीकर बसमध्येच ठेवा. दुर्बीण दोघांत एक तरी हवी. रोख सुटे पैसे जवळ असू द्या.

चिलापी माशाच्या थाळ्यांचा आकडा आदल्या संध्याकाळी कळवा, शाकाहारी वेगळा मोजून. सकाळी नऊला “पंचेचाळीस ताटं लावा” म्हणालात तर दुपारी तीनला जेवाल.