लॉकिंग क्लॅम्प पक्कड घेताना आणि लावताना

दोन अँगल (एल आकाराचे लोखंडी तुकडे) लॉकिंग क्लॅम्पमध्ये, म्हणजे दाबून लॉक केली की हात सोडला तरी धरून राहणाऱ्या पकडीत धरले, गुण्या लावून काटकोन बघितला, टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारला आणि परत गुण्या लावला तर एका बाजूला फट, असं माझं सुरुवातीला कितीतरी वेळा झालंय आणि दरवेळी मी वेल्डिंगलाच दोष द्यायचो. वेल्डिंगने जॉब, म्हणजे काम चाललेला तुकडा, ओढला जातो हे खरंय, पण निम्मी चूक क्लॅम्प लावतानाच झालेली असायची. या पकडीचा जबडा सरळ खाली येत नाही, पिनेभोवती फिरत येतो, त्यामुळे बंद होतानाच्या शेवटच्या क्षणी तो वरचा तुकडा जरासा सरकवतो. म्हणून आधी हँडलच्या टोकाचा स्क्रू थोडा सैल ठेवून हलकं लॉक करायचं, हातोडीने टिचक्या मारून जॉब जागेवर आणायचा, मग पक्कड न हलवता स्क्रू थोडा आवळायचा, आणि गुण्या परत लावायचा तो लॉक झाल्यावर, आधीचा बघितलेला धरायचा नाही.

स्क्रूचं गणित समजलं की बाकी सोपं आहे. हँडलच्या आत एक छोटा दुवा असतो, तो सरळ रेषेत येऊन किंचित पलीकडे गेला की पक्कड लॉक होते. विल्यम पीटरसन नावाच्या लोहाराने १९२४ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही आतली रचना जवळपास तीच आहे. दुवा सरळ रेषेजवळ आला की हाताच्या थोड्याशा जोराने जबड्यावर प्रचंड दाब येतो, म्हणून स्क्रूचा पाव फेरासुद्धा मोठा फरक पाडतो. एका हाताने जरा दाबून 'टक्' झालं की बरोबर. दोन्ही हात लावावे लागले किंवा हातोडी मारावीशी वाटली तर स्क्रू जास्त आत गेलाय, अशाने पातळ ट्यूब चेपते आणि हळूहळू पक्कडही वाकडी होते.

आता घेताना काय बघायचं. सहा इंच, अकरा इंच म्हणतात ती पकडीची लांबी असते, जबडा किती उघडतो ते नाही, अकरा इंची सी क्लॅम्प (इंग्रजी C सारख्या जबड्याची पक्कड) साधारण ८५ मिमी उघडते. एकच घ्यायची तर मी हीच घेईन, पण खरं सांगायचं तर एक घेऊन भागत नाही, एकाच क्लॅम्पवर जॉब त्या बिंदूभोवती फिरतो, म्हणून सारख्या मापाच्या दोन घ्या. टोकाला फिरणारे पॅड असलेली सपाट आणि तिरक्या पृष्ठभागावर चांगली बसते, बिनपॅडची अडचणीच्या जागी जाते. पत्र्यासाठी रुंद चपट्या जबड्याची वेगळी मिळते, पाइपसाठी साखळीवाली. वळणदार दातेरी जबड्याची साधी पक्कड मात्र क्लॅम्प म्हणून वापरू नका, ती खरचटलेले डाग सोडते.

हातात घेऊन जबडा पूर्ण बंद करा आणि उजेडाकडे धरा, दोन्ही टोकं समोरासमोर यायला पाहिजेत. मग जबडा आडवा हलवून बघा, पिनेत नवीन असतानाच जास्त खेळ असेल तर ठेवून द्या. स्क्रू शेवटपर्यंत फिरवा, आटे मध्येच अडकले तर तेच पुढे रोजचं दुखणं होणार.

ड्रिल मशीनवर पत्रा हाताने धरायचाच नाही. बिट पत्र्याच्या पलीकडे निघताना धार अडकते आणि पत्रा गरकन फिरतो, माझ्या अंगठ्याला त्याची खूण अजून आहे. खाली लाकूड ठेवून दोन ठिकाणी क्लॅम्प करा आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, तेही बिटात गुंडाळले जातात.

वेल्डिंगला अर्थिंगचा चिमटा थेट जॉबवर लावा, पकडीला लावला तर करंट पिनेतून जातो आणि पिन जळते. स्क्रूच्या आट्यांवर स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) बसला की वायर ब्रशने लगेच काढायचा, तो राहिला की स्क्रू जाम होतो, थोडं ग्रीस लावून ठेवलं तर बरं. ॲल्युमिनियम किंवा पॉलिश केलेल्या भागावर डाग नको असेल तर मध्ये तांब्याच्या पट्टीचा तुकडा ठेवा, त्याला वेल्ड सहजासहजी चिकटत नाही.

आणि सोडताना घाई करू नका. जास्त ताणलेली पक्कड हँडलमधली सोडायची लिव्हर दाबताच झटक्यात उघडते, हँडलच्या मध्ये कातडी सापडली तर रक्त साकळतं. एक हात हँडलवर धरून मगच लिव्हर दाबा, आणि अडकलीच तर आधी स्क्रू पाव फेरा मागे घ्या.