बेने इस्राएल घरातली पेसाहची तयारी

पेसाह, म्हणजे ज्यूंचा बिनखमिराचा सण, जवळ आला की आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरोघरी चुना, कल्हई, माळे झाडणं सुरू होतं. ते करावंच, पण सगळी ताकद भिंतींवर घालवू नये. सणाचा नियम खमिराचा आहे. गहू, जव, ओट यांच्या पिठाला पाणी लागून ते १८ मिनिटं तसंच पडलं तर हामेस, म्हणजे सणात वर्ज्य असलेलं खमीर, झालं. त्यामुळे खरं काम स्वयंपाकघरात असतं.

कणीक, रवा, शेवया, बिस्किटं कोणीही बाजूला काढतं. राहून जातं ते हिंग! डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि सोया सॉसचंही तेच. आपल्याकडे तांदूळ चालतो, पण गिरणीतलं तांदळाचं पीठ नको, कारण त्याच जात्यातून आधी कोणाचा तरी गहू गेलेला असतो. तांदूळ तीनदा निवडा, धुऊन सावलीत वाळवा आणि घरीच दळा.

स्टीलची-तांब्याची भांडी घासून २४ तास वापरायची नाहीत, मग खळखळत्या पाण्यात पूर्ण बुडवून लगेच गार पाण्यात काढायची. कुकरची रिंग नवी घ्या. चपातीचं पोळपाट-लाटणं, मातीची भांडी आणि नॉनस्टिक तवा सरळ बांधून ठेवा. त्यांना उकळीचा उपयोग नाही.

खजुराचा शिरा दोन दिवस आधी करावा. बिया काढलेला १ किलो काळा खजूर २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मऊ शिजवून कुस्करा आणि मलमलीतून गाळा. फडकं पिळण्याची घाई नको. गर खाली उतरला की तळाला धरतो आणि सगळ्या शिऱ्याला करपट वास लागतो. मंद आचेवर आटवत, चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की उतरवा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो. वाढताना वर अक्रोडाचा चुरा.

काळ्या मनुकांचं शरबत करायचं तर १ वाटी मनुकांना २ वाट्या पाणी, रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून. सेदरला, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, प्रत्येकाने प्यायच्या चार प्याल्यांसाठी माणशी साधारण ३५० मिली धरा. आठ माणसांना पावणेतीन-तीन लिटर लागतंच. नेहमी इथेच कमी पडतं.

मासा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकर, घरी भाजण्याचा हट्ट धरू नये. कारखान्यात दळण्याआधी गव्हाला पाणी मारतात, त्यामुळे बाजारचं पीठ चालत नाही, आणि पीठ मळण्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांचं गणित एका तव्यावर जमत नाही. समाजात वाटले जातात ते मासे घ्या.

सेदरच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन हामेस शोधायचं. शोधायला म्हणून पावाचे १० तुकडे कागदात बांधून घरभर ठेवतात. ते कुठे ठेवले ते लिहून ठेवा, नाहीतर एक हरवतो आणि घर पुन्हा उपसावं लागतं. सकाळी, मुंबईत साधारण साडेदहानंतर, पाव-चपाती खायची नाही. उरलंसुरलं पुढच्या तासाभरात जाळायचं. २०२७ साली पहिला सेदर २१ एप्रिलच्या संध्याकाळी आहे.

सेदरच्या ताटात बकऱ्याच्या पायाची भाजलेली नळी, उकडून भाजलेलं अंडं, कडू पाला, सालादची पानं, कोथिंबीर आणि शिरा. शेजारी मिठाचं पाणी आणि तीन मासे. सालादच्या प्रत्येक पानाच्या शिरेत कीड बघा. ते दिवसा उजेडीच करा.

हगादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, मराठीतूनही वाचा. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगाद्यात हिब्रूबरोबर मराठी आहे, ती पोरांना कळावी म्हणूनच. त्यातले चार प्रश्न सर्वांत लहान मुलाने विचारायचे, तेव्हा त्याला दुपारी झोपवा. मधल्या माशाचा लपवलेला तुकडा जेवणानंतर सगळ्यांना पुरेल एवढा मोठा मोडा. त्यानंतर काही खायचं नसतं, म्हणून गोडधोड आणि फळं त्याच्या आधीच वाढून घ्या.