जुन्या प्रोसेसरसाठी लायब्ररी बिल्ड करताना या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत यंत्राशेजारचा पीसी सहसा कुणी बदलत नाही, कारण त्यातलं जुनं पीसीआय कार्ड नव्या मदरबोर्डवर बसत नाही. म्हणून तिथे कोअर टू ड्युओ हा इंटेलचा जुना प्रोसेसर अजून सुखात नांदतोय. त्याच्यासाठी लायब्ऱ्या (प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) बिल्ड करणारी मंडळी मात्र हिंजवडीत, कोऱ्या लॅपटॉपवर, आणि कायम घाईत. मग वर्कशॉपमधून फोन येतो, "साहेब, सुरू केलं की लगेच बंद पडतंय." स्क्रीनवर 'इललीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा.

पहिला संशयित '-मार्च=नेटिव्ह'. वेग वाढतो असं ऐकून लावलेला हा फ्लॅग (पर्याय) कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, सांगतो की समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. समोर असतो तुमचा लॅपटॉप! इंटेलमध्ये एव्हीएक्स (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स) आलं २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून, एव्हीएक्स२ २०१३ च्या हॅसवेलपासून. कोअर टूला दोन्हींचा गंध नाही. "पण आमचा पीसी २०१४ चा आहे" हेही सांगू नका. हॅसवेल पिढीच्या पेंटियम-सेलेरॉनमध्येही एव्हीएक्स नव्हतं. त्या मशीनवर बसून '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधली फ्लॅग्जची ओळ वाचा, प्रोसेसरला काय काय येतं ते तिथे असतं.

फ्लॅग काढला की सुटलात असंही नाही. एका टीमने तो काढला, सगळं पुन्हा बिल्ड केलं, पेनड्राइव्ह घेऊन भोसरी गाठली, आणि परत तोच एरर. मग रॅम बदलून झाली, लिनक्स नव्याने टाकून झालं. जीडीबी (प्रोग्रॅम नेमका कुठे अडला ते दाखवणारं साधन) उघडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी त्यात 'एक्स/आय $पीसी' मारलं (अडलेली इन्स्ट्रक्शन दाखवणारी कमांड) तर समोर व्हीएफएमएडी जातीची, नव्या प्रोसेसरचीच इन्स्ट्रक्शन, तीही ओपनब्लास या गणिताच्या लायब्ररीच्या पोटात. ओपनब्लास बिल्ड होताना यजमान मशीनचा प्रोसेसर स्वतःच हुंगतं, तुमच्या सीफ्लॅग्जची (कंपायलरला दिलेल्या फ्लॅग्जची) वाट बघत नाही. तिथे 'डायनॅमिक_आर्च=१' द्यायचं आणि सोबत 'टार्गेट=कोअर२' सुद्धा. हे दुसरं हमखास राहून जातं. पहिल्याने वेगवेगळ्या प्रोसेसरचे कर्नल (गणिताचे खास तुकडे) आत येतात, पण सामाईक कोड टार्गेटप्रमाणेच बनतो. जीएमपी या मोठ्या आकड्यांच्या लायब्ररीला हीच खोड आहे, तिथे '--एनेबल-फॅट'.

'-मार्च' ला 'एक्स८६-६४-व्ही२' ही ठरावीक किमान पातळीही देता येते, आणि नाव ऐकून ते पुरेसं जुनं असेल असं वाटतं. त्याला एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या इन्स्ट्रक्शन्स लागतात, कोअर टूकडे त्या नाहीत. साधं 'एक्स८६-६४' ठेवा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ च्या लायब्ऱ्या उचलून आणणं याच कारणाने फुकट.

'-एमट्यून' (कोणत्या प्रोसेसरसाठी वेग जुळवायचा ते सांगणारा फ्लॅग) ला उगाच घाबरू नका, त्याने काही तुटत नाही.

ऑब्जडंपमध्ये (फाइलीतल्या इन्स्ट्रक्शन्स दाखवणारं साधन) एव्हीएक्सचे वायएमएम रजिस्टर दिसले म्हणून ग्लिबसीवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर, आळ घेऊ नका. मेमकॉपीचे (मेमरीतला डेटा कॉपी करणाऱ्या फंक्शनचे) अनेक अवतार तिच्यात असतातच, योग्य तो चालताना निवडला जातो.

भोसरीला जाण्याआधी 'क्यूएमयू-एक्स८६_६४ -सीपीयू कोअर२ड्युओ' (जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारं साधन) खाली प्रोग्रॅम चालवून बघा. मी याशिवाय काहीही बाहेर पाठवत नाही. चहा गार होईपर्यंतचं काम आहे, तरी टाळतात.

आणि नवी ग्लिबसी थेट '/यूएसआर' वर ओतणं: ती बिघडली तर 'एलएस' पण चालत नाही. वेगळा प्रीफिक्स (इन्स्टॉल करायचं फोल्डर) द्या. तरीही हौस असेल तर आधी एका टर्मिनलमध्ये स्टॅटिक बिझीबॉक्स (ग्लिबसीवर न अवलंबणारा, मूळ कमांड्सचा संच) उघडा ठेवा.