न्यूमॅटिक सिलिंडर बदलण्याआधी या चुका तपासा

न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, सिलिंडरमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसते. आतून गुळगुळीत केलेली एक नळी, तिच्यात मागेपुढे सरकणारा पिस्टन, पिस्टनला जोडलेला रॉड, दोन टोकांची दोन झाकणे आणि हवा अडवणारी काही सील, एवढीच त्याची रचना असते. तरीही जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत, डाळमिलमध्ये, जिनिंगमध्ये आणि पाइपच्या कारखान्यांत दर हंगामाला सिलिंडर काढून भंगारात टाकले जातात आणि त्याच जागी बसवलेला नवा सिलिंडरही काही महिन्यांत तसाच बिघडतो. देखभालीच्या कामात असे बरेच सिलिंडर मी उघडून पाहिले आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा मूळ दोष सिलिंडरच्या आत नव्हता. तो हवेत होता, जोडणीत होता किंवा मुळात केलेल्या निवडीत होता. म्हणून नवा सिलिंडर किंवा सील किट मागवण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे.

जोराचा हिशेब

सिलिंडरचा जोर दोनच गोष्टींवर ठरतो: हवेचा दाब आणि पिस्टनचे क्षेत्रफळ. ५० मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १,९६३ चौरस मिमी असते. ६ बार म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ०.६ न्यूटन, त्यामुळे हा सिलिंडर साधारण १,१७८ न्यूटन, म्हणजे सुमारे १२० किलो वजनाइतका जोर देतो. मात्र हा जोर रॉड बाहेर जातानाचा आहे. रॉड आत येताना पिस्टनच्या त्या बाजूचे काही क्षेत्रफळ रॉडनेच व्यापलेले असते. २० मिमी जाडीच्या रॉडसाठी तेवढे वजा केले की हाती सुमारे १०० किलोच उरतात. ज्या यंत्रात खरे काम ओढण्याचे आहे, उदाहरणार्थ हॉपरचे झाकण वर खेचणे, तिथे ढकलण्याच्या आकड्यावर विसंबून सिलिंडर निवडणे ही पहिली चूक होय.

दुसरी चूक कॉम्प्रेसरवरचा गेज पाहून दाब गृहीत धरण्याची. टाकीवर ७ बार दिसत असले तरी लांबलचक लाइन, अरुंद नळ्या आणि गळके सांधे यांमधून सिलिंडरपर्यंत पोहोचणारा दाब साडेचार बारच असू शकतो, आणि तेवढ्या दाबावर वरच्याच सिलिंडरचा जोर ९० किलोंवर येतो. म्हणून यंत्र चालू असताना आणि इतर यंत्रेही हवा घेत असताना सिलिंडरजवळ गेज लावून दाब मोजावा. हिशेबाने आलेल्या जोराच्या ७० टक्क्यांहून अधिक भार सिलिंडरवर टाकू नये. हालचाल जलद हवी असेल तर निम्म्यावरच थांबावे, कारण घर्षण आणि समोरच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या हवेचा विरोध यांवर उरलेला जोर खर्च होतो.

प्रकार निवडताना विजेचा विचार

सिंगल-अ‍ॅक्टिंग सिलिंडरला हवा एकाच बाजूने मिळते आणि परतीचे काम स्प्रिंग करते. डबल-अ‍ॅक्टिंगमध्ये दोन्ही हालचाली हवेनेच होतात. आपल्याकडील बहुतेक यंत्रांवर दुसरा प्रकार असतो आणि ते योग्यच आहे, कारण स्प्रिंगमुळे जोर घटतो आणि स्ट्रोकही (रॉडची एकूण धाव) आखूड ठेवावा लागतो. जागा कमी असेल तिथे कॉम्पॅक्ट सिलिंडर, हलक्या कामाला ८ ते २५ मिमी बोअरचा गोल मिनी सिलिंडर, रॉड वळू द्यायचा नसेल तिथे दोन मार्गदर्शक दांड्यांचा गाइडेड सिलिंडर आणि लांब पल्ल्याला रॉडलेस (बाहेर येणारा रॉड नसलेला) सिलिंडर वापरतात.

आपल्या भागात मात्र याहून महत्त्वाचा प्रश्न विचारला पाहिजे: वीज गेल्यावर हा सिलिंडर काय करील? वीज जाते तेव्हा टाकीतील हवा संपलेली नसते. सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेची दिशा विजेच्या कॉइलने बदलणारा, पाच तोंडांचा आणि दोन स्थितींचा ५/२ सोलेनॉइड व्हॉल्व्ह एका कॉइलचा आणि स्प्रिंगचा असेल तर वीज जाताच आपल्या मूळ स्थितीत परततो आणि त्याबरोबर सिलिंडरही चालून जातो. हा सिलिंडर एखादी वस्तू पकडून ठेवण्याचे काम करत असेल, तर पकड त्याच क्षणी सुटू शकते. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह शेवटच्या स्थितीतच राहतो, त्यामुळे पकडीच्या कामाला तोच योग्य. उलट, हॉपरचे झाकण वीज जाताच बंद झाले पाहिजे असे असेल तर एका कॉइलचा व्हॉल्व्ह अशा रीतीने जोडावा की परतीची स्थिती म्हणजे बंद झाकण असेल. हा निर्णय आधी न घेता दुकानात जो व्हॉल्व्ह मिळाला तो बसवणे, ही चूक एखाद्या कामगाराच्या बोटांवर बेतू शकते.

पाणी

सर्वाधिक सिलिंडर ज्या कारणाने जातात ते कारण पाणी आहे, आणि त्याचा नीट हिशेब क्वचितच कोणी मांडतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या पावसाळी हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ७ बारपर्यंत दाबताना (वातावरणाचा १ बार धरून एकूण ८) अशी ८ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते. म्हणजे जवळपास १९२ ग्रॅम पाणी एका घनमीटरच्या जागेत येते. दाबताना तापलेली ती हवा ३५ अंशांपर्यंत थंड झाली की तेवढ्या जागेत सुमारे ४० ग्रॅमच वाफ मावते आणि उरलेले पाणी थेंब होऊन खाली बसते. १० एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो असे धरले, तर तो सलग चालल्यास तासाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी तयार होते. आठ तासांच्या पाळीत हे पाणी दहा लिटरपर्यंत जाते.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो तेव्हा हवा इतकी कोरडी असते की हे पाणी निम्म्याहूनही कमी होते. त्यामुळे उन्हाळ्यात ड्रेन कॉककडे (टाकीतले पाणी सोडण्याच्या तोटीकडे) पाहण्याची सवय सुटते आणि जुलैमध्ये तीच बेफिकिरी महागात पडते. एका डाळमिलमध्ये पोती भरण्याच्या यंत्रावरील पिशवी पकडणारे सिलिंडर एका पावसाळ्यात तिसऱ्यांदा बदलायला मला बोलावले होते. सिलिंडरला हात लावण्याआधी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला, तर कितीतरी वेळ लालसर पाणीच येत राहिले. ते पाणी सिलिंडर बनवतानाच आत भरलेले ग्रीस धुऊन काढत होते आणि त्यातला गंज सीलवर घासत होता. त्याच लाइनवर कलर सॉर्टरचे (रंगावरून खराब दाणे वेगळे करणाऱ्या यंत्राचे) बारीक व्हॉल्व्हही होते. त्यांना तर असे पाणी मुळीच सोसत नाही.

टाकी रोज, पावसाळ्यात पाळीतून दोनदा तरी, रिकामी करावी किंवा स्वयंचलित ड्रेन बसवावा. मुख्य पाइपला हवेच्या प्रवाहाच्या दिशेने किंचित उतार द्यावा आणि यंत्राकडे जाणारी शाखा पाइपच्या खालून न घेता वरून वळवून घ्यावी, म्हणजे पाइपच्या तळाशी वाहणारे पाणी यंत्रात उतरत नाही. रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा गार करून तिच्यातले पाणी काढणारे यंत्र) असेल तर तो पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवून ठेवू नये. भोवतालची हवाच तापलेली असली की त्याची क्षमता घटते.

एफआरएलच्या (यंत्राआधी हवा गाळणारा फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर यांच्या संचाच्या) पारदर्शक वाटीबाबत एक धोकादायक चूक वारंवार होते. वाटी मळली म्हणून ती थिनरने किंवा पेट्रोलने पुसली जाते. ही वाटी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, अशा द्रावकांनी तिला बारीक तडे जातात आणि दाबाखाली ती फुटू शकते. ती साबणाच्या पाण्यानेच धुवावी. तेलाबाबतही सावध असावे: एकदा ल्युब्रिकेटरमधून तेल देणे सुरू केले की मूळ ग्रीस धुतले जाते, म्हणून पुढे तेल बंद करता येत नाही. आयएसओ व्हीजी ३२ दर्जाचे पातळ तेल चालते, गाडीचे जुने इंजिन ऑइल नव्हे. डाळीसारख्या खाण्याच्या वस्तूवर सायलेन्सरमधून (व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज कमी करणाऱ्या सच्छिद्र टोपणातून) तेलाचे तुषार उडणे मला मान्य नाही, म्हणून अशा ठिकाणी तेलाविना चालणारे सिलिंडरच घ्यावेत आणि ल्युब्रिकेटर बसवूच नये.

रॉडवर पडणारा तिरका भार

सिलिंडर सरळ रेषेत ढकलण्यासाठी आणि ओढण्यासाठी असतो. वजन पेलण्यासाठी नसतो. रॉडच्या टोकाला जड पट्टी किंवा ट्रे बाजूने टांगला की रॉडचा बुश (झाकणातली रॉडला आधार देणारी कडी) एका बाजूने झिजतो, सील त्या बाजूने उघडे पडते आणि हवा रॉडशेजारून सुटू लागते. सील किट टाकूनही हीच गळती परतत असेल, तर दोष जोडणीत आहे असे समजावे.

तपासणी अगदी सोपी आहे. हवा बंद करून दोन्ही नळ्या रिकाम्या कराव्यात, रॉड यंत्रापासून सोडवावा आणि हाताने आत-बाहेर करून पाहावा. सुटा रॉड पूर्ण स्ट्रोकभर सहज सरकतो आणि यंत्राला जोडला की अडकतो, अशी स्थिती असेल तर सिलिंडर निर्दोष आहे. भार गोलाकार फिरणारा असेल तर सिलिंडर पायांवर घट्ट बसवू नये; त्याला क्लेव्हिस किंवा ट्रनियनवर (पिनवर फिरू देणाऱ्या जोडणीवर) झुलू द्यावे. सरळ चालणाऱ्या भारासाठी रॉडच्या टोकाला फ्लोटिंग जॉइंट (थोडा तिरकेपणा सामावून घेणारा सांधा) लावावा आणि भाराचे वजन स्वतंत्र गाइडवर सोपवावे. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर रॉड झाकून ठेवावा, कारण वेल्डिंगची एखादी ठिणगी रॉडवर चिकटून बसली तरी ती प्रत्येक फेरीत सील कापत राहते.

वेग आणि धक्के

वेग कमी करायचा म्हणजे आत जाणारी हवा अडवायची, हा समज पसरलेला आहे. डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडरमध्ये बाहेर पडणारी हवा अडवली की पिस्टनच्या दोन्ही बाजूंना दाब राहतो आणि हालचाल संथ व एकसारखी होते. आत जाणारी हवा अडवली तर पिस्टन थांबत, उसळत पुढे जातो. म्हणून फ्लो कंट्रोल (हवेचा प्रवाह एका दिशेने अडवणारा स्क्रूचा व्हॉल्व्ह) बसवताना त्यावरील खूण नीट पाहावी. तो उलटा बसला की फिटर दिवसभर स्क्रू फिरवत राहतो आणि धक्के काही जात नाहीत.

सिलिंडर हळूहळू मंद होत गेला असेल, तर आधी व्हॉल्व्हवरचा सायलेन्सर काढून एक फेरी चालवून पाहावी; या वेळी चेहरा दूर ठेवावा. धरणगाव, बोदवड, जामनेरकडच्या जिनिंगमध्ये कापसाचे तंतू आणि डाळमिलमध्ये टरफलाची धूळ या सायलेन्सरची छिद्रे बुजवते. काढल्यावर वेग परत आला तर सायलेन्सर स्वच्छ करावा किंवा बदलावा, मात्र तो काढूनच ठेवू नये, कारण उघड्या तोंडातून तीच धूळ व्हॉल्व्हमध्ये शिरते. टोकाला पोहोचताना धातूचा आवाज येत असेल तर कुशनिंगचा (टोकाजवळ पिस्टनचा धक्का मऊ करणाऱ्या सोयीचा) स्क्रू थोडा थोडा आवळावा, आणि दाब असताना तो कधीही पूर्ण सोडवू नये.

दोष नेमका कुठे

व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून) हवा सतत सुटत असेल, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे सील हे दोघेही संशयित असतात. रॉड पूर्ण बाहेर असताना हवा बंद करून दोन्ही बाजूंचा दाब सोडावा आणि मगच रॉडच्या बाजूची नळी सिलिंडरपासून काढावी. व्हॉल्व्हकडून आलेल्या त्या नळीचे तोंड बंद करावे आणि मागच्या बाजूला पुन्हा हवा द्यावी. सिलिंडरच्या उघड्या पोर्टमधून हवा येत राहिली तर पिस्टनचे सील गेले आहे. तिथून हवा येत नसेल आणि एक्झॉस्ट फुसफुसतच असेल, तर व्हॉल्व्ह पाहावा. व्हॉल्व्हमध्ये अनेकदा टेफ्लॉन टेपचा तुकडा सापडतो, म्हणून फिटिंगला टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा.

सिलिंडर ठीक चालतो पण यंत्राला त्याची जागा कळत नाही, अशी तक्रार असेल तर सिलिंडरवर बाहेरून बसवलेला, पिस्टनची जागा सांगणारा रीड स्विच सरकला आहे का, किंवा त्याच्या शेजारी लोखंडी कंस बसवला आहे का, ते पाहावे. हा स्विच पिस्टनमधील चुंबकावर चालतो आणि जवळचे लोखंड ते क्षेत्र बिघडवते.

यातील कोणत्याही तपासणीपूर्वी उभ्या सिलिंडरवरील भाराखाली लाकडी ठोकळा किंवा टेकू द्यावा, कारण दाब सोडताच भार खाली येतो. काम संपल्यावर हवा देताना फ्लो कंट्रोल जवळजवळ बंद ठेवून सुरुवात करावी आणि कोणी रॉडच्या समोर उभे राहू नये: रिकाम्या सिलिंडरमध्ये अडवायला समोरची हवा नसते, त्यामुळे पहिली फेरी नेहमीच्या वेगाने न होता एकदम झेपावते.